दिघीचे ढग, इंद्रायणीच्या वाकळा

माझं माहेर सोलापूरचं. आमच्या भागात डोंगर असा नव्हताच. मी पहिला डोंगर पाहिला तो माझ्या मामाच्या फोटो स्टुडिओतल्या पडद्यावर. बर्फाचं शिखर, खाली निळं तळं, तळ्यात दोन हंस, आणि एका कडेला, कशासाठी ते चितारणाऱ्यालाच ठाऊक, संगमरवरी जिना. आमच्या पेठेतली कितीतरी नवी जोडपी त्या तळ्याकाठी उभी राहून गेली. नवरदेव घामानं डबडबलेला असायचा आणि पाठीमागं बर्फ.

शाळा सुटली की मी स्टुडिओत जायची. निगेटिव्हवर पडलेले डाग बारीक टोकाच्या पेन्सिलीनं भरून काढायचं काम मामानं मला शिकवलं होतं. देवीचे वण, कपाळावरच्या आठ्या, सगळं मी पुसत बसायची. लग्न ठरलं तेव्हा सगळे मला भांडीकुंडी देत होते, मामानं मात्र एक बॉक्स कॅमेरा दिला. काळा, चौकोनी, जाड पुठ्ठ्याचा डबाच तो. पोटाशी धरायचा, वरच्या इवल्याशा काचेत डोकावायचं आणि बाजूची कळ दाबायची. मामा म्हणाला, सूर्य पाठीशी ठेव आणि श्वास रोखून धर, बाकी सगळं हा करतो. माझी आई त्याच्यावर चिडली. नव्या नवरीनं हे खेळणं घेऊन सासरी जायचं का, असं तिचं म्हणणं.

लग्नानंतर मी पिंपरीला आले. यजमान तिथं नव्यानं उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत. एक्कावन्न-बावन्नपर्यंत तिथं नुसता माळ होता म्हणे, आणि आम्ही गेलो त्या सुमाराला कारखाना, आमची क्वार्टर्सची रांग आणि स्टेशनाकडे निर्वासितांची वसाहत एवढंच काय ते नवं. आमचं मागचं दार उघडलं की बाजरीचं शेत लागायचं. शेतापलीकडे बांध, बांधापलीकडे आणखी शेतं, आणि त्या सगळ्याच्या टोकाला आडवी पडलेली डोंगरांची रांग. पहिल्या सकाळी मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते. यजमान आतून विचारत होते की दूध उतू गेल्याचा वास येतोय का. येत होता. दूध उतू गेलंच होतं.

यजमानांना फोटोची गोडी नव्हती, सायकलीची होती. त्यामुळे आमचं जमलं. रविवारी सकाळी ते सायकल पुसून दाराशी लावायचे, मी पुढच्या पिशवीत भाकरी, चटणी आणि पाण्याची बाटली भरायची, कॅमेरा मांडीवर घेऊन मागच्या कॅरिअरवर बसायची, आणि आम्ही निघायचो. कधी चिंचवडला पवनेच्या काठी, कधी देहूला, कधी नाशिकच्या रस्त्यानं पार चाकणपर्यंत. कुठं जायचं हे मी ठरवायची आणि कुठं थांबायचं हे सायकलीची साखळी ठरवायची. कॉलनीतल्या बायकांना हे नवलाचं वाटे. कुठल्या देवाला जाता, असं त्या विचारायच्या. मी म्हणायची, डोंगर बघायला. मग त्या पुन्हा विचारायच्या, डोंगरावर कुठला देव आहे.

मी डोंगरांचे, झाडांचे, नदीच्या वळणांचे फोटो काढत गेले. एका फिल्मवर आठच फोटो निघत, त्यामुळे हात राखून काढायची. फिल्म पुण्याला धुवायला जाई. परत आली की मी अधीर होऊन पाकीट उघडायची आणि दर वेळी हिरमुसायची. डोंगर यायचा, झाडं यायची, पण आभाळ कोरं. पांढरं फटक. जणू कुणी वरचा अर्धा कागद खोडरबरानं घासून टाकलाय. आणि आमच्याकडचं आभाळ तर, विशेषतः श्रावण सरल्यावर, बघत राहावं असं असायचं. ढगांचे कळपच्या कळप डोंगरांवरून सरकत यायचे आणि त्यांच्या सावल्या शेतांतून धावायच्या. यातलं काही म्हणता काही माझ्या डब्यात शिरत नव्हतं.

राखीपौर्णिमेला माहेरी गेले तेव्हा मामापुढे ते फोटो मांडले. त्यानं चष्मा कपाळावर ढकलून बघितले आणि हसला. म्हणाला, निळं आभाळ आणि पांढरा ढग फिल्मला सारखेच उजळ वाटतात, तुझा यात काही दोष नाही. आत जाऊन त्यानं एक गोल पिवळी काच शोधून आणली, कॅमेऱ्याच्या भिंगापेक्षा थोडी मोठी. ही पुढे धर, निळा रंग दबेल आणि ढग उठून दिसतील, असं त्यानं सांगितलं. ती काच मी रुमालात गुंडाळून, रुमाल ब्लाउजच्या घडीत ठेवून, घडी ट्रंकेच्या तळाशी ठेवून पिंपरीला आणली.

पुढच्याच रविवारी मी म्हटलं, दिघीच्या टेकडीवर जाऊ या.

दिघी आमच्यापासून भोसरीच्या पलीकडे. टेकडी फार उंच नाही, पण भोवताल सगळा मोकळा, त्यामुळे वरून चहूकडचं आभाळ दिसतं. सायकल खाली एका बाभळीला टेकवून आम्ही वर चढलो. त्या दिवशी ढग असे होते की मी दम खायलाही थांबले नाही. यजमानांनी पिवळी काच दोन बोटांत धरून भिंगापुढे उभी करायची आणि मी कळ दाबायची, असं आमचं काम चाललं. काच जरा हलली की मी रागवायची, तेही निमूट ऐकून घ्यायचे. मी कॅमेरा जेवढा वर तिरपा करता येईल तेवढा करून ढग टिपत होते. फिल्म संपत आली होती तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली.

एक जवान बंदूक घेऊन चढून येत होता. टेकडीच्या पलीकडच्या उतारापासून लष्कराची जमीन सुरू होते हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण ती नेमकी कुठून सुरू होते ते माहीत नव्हतं. त्याला ते चांगलं माहीत होतं. त्यानं हिंदीत विचारलं की हे काय चाललंय. यजमानांच्या बोटांत पिवळी काच तशीच धरलेली. त्यांनी सांगितलं, ढगांचे फोटो काढतोय. जवानानं एकदा वर आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा त्या काचेकडे, आणि म्हणाला, चला.

त्यानं आम्हाला छावणीच्या दाराशी नेलं. तिथं कडुलिंबाखाली बाकडं होतं, त्यावर बसवलं. थोड्या वेळानं एक पिकल्या मिशांचे सुभेदार आले. साताऱ्याकडचे असावेत. त्यांनी आमची चौकशी केली, कुठं राहता, काय करता, मूळ गाव कुठलं, आणि मग साहेब येईपर्यंत थांबावं लागेल असं सांगून आमच्यासाठी चहा पाठवला. रविवार होता, त्यामुळे चहाबरोबर गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजीही आली. यजमानांनी पुरीचा एकच तुकडा मोडून ठेवला. कारखान्यात कळलं तर काय होईल, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात. सरकारी नोकर लष्कराच्या जमिनीपाशी कॅमेरा घेऊन सापडला, हे वाक्य त्यांनी माझ्या कानाशी दोनतीनदा म्हणून दाखवलं. मला मात्र भूक लागली होती. मी माझ्या पुऱ्या खाल्ल्या आणि मग त्यांच्याही.

साहेब आले. तरुण होते, आमच्याच वयाचे. बंगाली असावेत. त्यांनी यजमानांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता माझ्या मांडीवरचा कॅमेरा उचलून घेतला. मागची खिट्टी ते चाचपू लागले. आतापर्यंत मी मान खाली घालून बसले होते, पण आता उठून उभी राहिले आणि सुभेदारांना म्हणाले,

"साहेबांना सांगा, डबा उघडू नका. उजेड आत गेला की सगळं पुसून जाईल. मग मी काय काढलंय ते तुम्हालाही कळायचं नाही आणि मलाही."

सुभेदारांनी ते हिंदीत सांगितलं. साहेबांचा हात थांबला. त्यांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, मला विचारलं की फिल्म कशी गुंडाळायची. मी उरलेली फिल्म पुढे सरकवून, सावलीत, उन्हाकडे पाठ करून, ती काढून त्यांच्या हातात दिली. फिल्म आम्ही धुऊन बघू, पुढच्या रविवारी या, असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं. कॅमेराही परत दिला. काच मात्र ठेवून घेतली.

तो आठवडा यजमानांनी कसा काढला ते तेच जाणोत. दारावर कुणी टकटक केली की ते ताठ बसायचे. एकदा पोस्टमन आला तर त्याला त्यांनी आत बोलावून पाणी दिलं. मला वेगळीच काळजी होती. पहिल्यांदा पिवळ्या काचेतून ढग काढलेले, आणि ते माझ्याआधी दुसरंच कुणीतरी बघणार.

रविवारी आम्ही गेलो. साहेबांच्या टेबलावर सगळे फोटो ओळीनं मांडले होते. मी दारातूनच पाहिलं. ढग आले होते. कापसाच्या राशीसारखे, कडांना उजेड असलेले, एकावर एक रचलेले ढग, आणि त्यांच्यामागं गडद आभाळ. आपण इथं संशयित म्हणून उभे आहोत हे मी साफ विसरले आणि टेबलाशी जाऊन फोटो हातात घ्यायला लागले. एका फोटोत कडेला यजमानांचं बोट आलं होतं, तेवढं सोडलं तर सगळे स्वच्छ.

साहेब यजमानांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मी मॅट्रिक झालेली होते, मला समजलं, पण सुभेदारांना वाटलं समजलं नसेल. त्यांनी मला मायेनं सांगितलं,

"ताई, घाबरू नका. साहेब म्हणतात, यात काहीच न्हाई."

यजमानांनी मोठा सुस्कारा सोडला. मला मात्र तो शब्द लागला. मी साहेबांना हिंदीत म्हणाले की काहीच नाही कसं, ढग आहेत. माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीला साहेब हसले नाहीत. त्यांनी एक फोटो उचलून नीट पाहिला आणि सावकाश, मला समजेल असं सांगितलं.

"ढग चांगले आहेत. पण हे कुठलेही असू शकतात. माझ्या गावचे असू शकतात, तुमच्या सोलापूरचे असू शकतात. इथलेच आहेत असं दिसलं असतं तर हे फोटो मला ठेवून घ्यावे लागले असते."

असं म्हणून त्यांनी सगळे फोटो, निगेटिव्ह आणि पिवळी काच माझ्या हातात दिली, आणि टेकडीच्या या बाजूला पुन्हा येऊ नका असं बजावलं. सुभेदार आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. त्यांनी जाता जाता यजमानांना विचारलं, वहिनींना नुसते ढग आवडतात का, आमच्याकडे कासचं पठार बघायला न्या कधीतरी.

परतताना भोसरीपर्यंत यजमान इतक्या जोरात सायकल हाणत होते की मला कॅरिअर दोन्ही हातांनी धरून बसावं लागलं. सुटल्याच्या आनंदात ते एक पद गात होते. भोसरीच्या पुढे त्यांच्या ध्यानात आलं की मागून काही आवाज नाही. त्यांनी सायकल थांबवून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "अहो, माझा फोटो वाईट होता म्हणून आपण सुटलो." ते आधी गडबडले आणि मग इतके हसले की सायकल टेकवून त्यांना खाली बसावं लागलं. थोड्या वेळानं मलाही हसू आलं, पण साहेबांचं बोलणं काही डोक्यातून जाईना. घरी गेल्यावर मी जुने सगळे फोटो काढून बघितले. डोंगर, झाड, नदीचं वळण. सगळे कुठलेही असू शकत होते. जिन्याची आणि हंसांची कमी तेवढी होती.

मग पुढचे दोनतीन रविवार मी इथलंच, फक्त इथलंच असं काहीतरी शोधत हिंडले. चाकणच्या रस्त्यावर बाजाराच्या बैलगाड्यांची रांग काढायला गेले तर बैल चालत राहिले आणि फोटोत फक्त धुरकट शेपट्या आल्या. चाकणच्या भुईकोट किल्ल्याचा बुरूज काढला, तर त्यात एक म्हैस मधोमध येऊन उभी राहिली आणि हलेचना. यजमान म्हणाले, ही म्हैस तरी नक्की इथलीच आहे. मी त्यांच्याशी अख्खा रस्ताभर बोलले नाही, म्हणजे ठरवलं होतं तसं, पण वाटेत पेरू विकणारी भेटली आणि ते राहून गेलं.

पितृपंधरवडा संपत आला होता. घट बसायला थोडेच दिवस उरलेले. त्या रविवारी आम्ही देहूच्याही वर, नदीच्या काठाकाठानं जात होतो. पायवाट अरुंद होती, म्हणून यजमान सायकल हातात धरून चालत होते. एका वळणावर झाडी संपली आणि मी जागीच थांबले.

इंद्रायणीचा काठ तिथं खडकांचा आहे. रुंद, काळे, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेले खडक. आणि त्या सगळ्या खडकांवर, पार वरच्या बांधापर्यंत, वाकळा पसरलेल्या. वाकळ म्हणजे गोधडी, जुन्या लुगड्या-धोतरांचे तुकडे जोडून शिवलेली. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं म्हणून अख्खी वस्ती नदीवर आली होती. लाल, जांभळे, हिरवे, पिवळे चौकोन, चौकोनांत आणखी चौकोन, कडेनं पांढऱ्या दोऱ्याचे टाके. पाण्यात बायका गुडघाभर उभ्या राहून वाकळा तुडवत होत्या. पलीकडे शेतं, शेतांमागं भंडाऱ्याचा डोंगर, आणि त्याच्यावर ते ढग, दिघीला होते तसेच, ओझ्यानं वाकलेले.

मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी खिशातून पिवळी काच काढली.

बायकांनी आम्हाला पाहिलं आणि कामं थांबली. त्यांच्यातली एक म्हातारी, नऊवारीचा कासोटा वर खोचलेली, पुढे आली. मी कॅमेरा दाखवला आणि फोटो काढू का असं विचारलं. म्हातारी मागं वळून बघत म्हणाली, कशाचा. मी म्हटलं, या सगळ्याचा. या वाकळांचा.

"वाकळांचा कुनी फोटू काढतं व्हय?" म्हातारी म्हणाली. "थांब जरा, आमी समदं आवरून घेतो. मंग काढ चांगला डोंगराचा."

आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिनं बाकीच्यांना हाक दिली आणि त्या भराभर वाकळा गोळा करायला लागल्या. पाहुणी आली आहे, तिला फोटो काढायचाय, आणि आपली अंथरुणं मध्ये पसरलेली, याची त्यांना लाज वाटली होती. मी धावत जाऊन एकीच्या हातातली वाकळ धरली. ती तिकडून ओढतेय, मी इकडून. मी म्हटलं, बाई, मला डोंगर नकोय, मला हेच हवंय. तिला ते पटलं नाही. अखेर म्हातारीनंच तोडगा काढला. आधी आम्हा समद्यांचा एक फोटो काढ, मंग तुला काय वाकळा काढायच्या त्या काढ.

त्यांनी हातपाय धुतले, पदर नीट केले, दोघी तर झाडामागं जाऊन लुगडं सारखं करून आल्या. मग सगळ्या खडकावर एका ओळीत उभ्या राहिल्या, हात अंगाशी, चेहरे दगडासारखे. आताच पाण्यात खिदळत होत्या त्या याच, असं सांगूनही खरं वाटलं नसतं. मी फोटो काढला. तर पलीकडच्या काठावरच्या बायका ओरडल्या की आमचा राहिला. त्या पाण्यातून चालत आल्या, त्यांची वेगळी ओळ झाली. मग सासू-सुनेचा एक. मग लेकुरवाळ्यांचा एक. मग ज्या बाईचं सासूशी पटत नव्हतं तिचा एकटीचा. वाटेत दोन फोटो आधीच काढले होते; कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतून फिल्मचा आकडा बघितला तर शेवटचा एकच फोटो उरलेला.

वाकळा पुन्हा पसरायला सगळ्यांनीच हात लावला. यजमानांना म्हातारीनं एका वाकळेचं टोक धरायला सांगितलं. ओली वाकळ पिळायची तर दोघांनी दोन टोकं धरून उलट्या दिशेनं पीळ द्यावा लागतो. यजमानांनी पीळ दिला तो म्हातारीच्याच दिशेनं. वाकळ तशीच लोंबकळत राहिली आणि दोन्ही काठ हसले. दुसऱ्या खेपेला त्यांना जमलं. मग ते काही केल्या थांबेनात, दिसेल ती वाकळ पिळत सुटले. शर्ट पूर्ण भिजला, चष्म्यावर पाणी, पण प्रयोगशाळेत कधी नसतील एवढे खूष दिसत होते.

मला मात्र काठावरून सगळं एकत्र काचेत मावेना. खडक आले तर डोंगर जाई, डोंगर आला तर वाकळा. मागं झाडी होती, मागं जाता येत नव्हतं. पाण्यात गेले तर जमलं असतं. मी पदर खोचला, कॅमेरा डोक्याच्या उंचीला धरला आणि शिरले. पाणी गार होतं, तळाचे गोटे निसरडे. मांडीपर्यंत पाण्यात गेल्यावर वळून बघितलं आणि कॅमेरा पोटाशी घेऊन काचेत डोकावले. त्या इवल्याशा काचेत सगळं होतं. खाली पाण्याचा पट्टा, मग वाकळांचे चौकोन, बांध, शेतं, डोंगर, ढग. यजमान माझ्यामागं पाण्यात आले, एका हातानं त्यांनी माझ्या खांद्यावरून काच भिंगापुढे धरली आणि दुसऱ्या हातानं मला दंडाला धरून ठेवलं. कॉलनीतल्या कुणी आम्हाला त्या वेळी पाहिलं असतं तर काय वाटलं असतं याचा विचार दोघांच्याही मनात आला नाही.

तेवढ्यात ढगाची सावली वाकळांवर आली आणि सगळे रंग विझले. आम्ही तसेच उभे राहिलो. पायांना बारके मासे टोचत होते. काठावर बायकाही वर बघत होत्या. एकीनं विचारलं की कशाची वाट बघताय, म्हातारीनं तिला गप्प केलं. सावली हळूहळू बांधावर गेली, शेतात गेली, आणि खडकांवर ऊन परतलं. वाकळा एकदम पेटल्यासारख्या झाल्या. मी श्वास रोखला आणि कळ दाबली.

पाण्यातून बाहेर आल्यावर म्हातारीनं आम्हाला जाऊ दिलं नाही. तिच्या फडक्यात भाकरी होती, ठेचा होता, आमच्या पिशवीत आमची भाकरी होती. ओल्या अंगानं उन्हात बसून आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. जेवता जेवता तिनं विचारलं की तुमच्या घरी वाकळ हाय का न्हाई. मी सांगितलं, सोलापूरच्या चादरी आहेत. तिनं त्या बिचाऱ्या चादरींची कीव केल्यासारखं तोंड केलं.

फिल्म पुण्याहून धुऊन आली तेव्हा दिवाळी जवळ आली होती. पाकीट मी दारातच उघडलं. शेवटचा फोटो वर काढला आणि यजमानांना हाक मारली. रंग अर्थातच नव्हते, पण प्रत्येक चौकोन वेगळा दिसत होता, काळा, करडा, पांढरा, ठिपक्यांचा, पट्ट्यांचा. डोंगराची कड सुरीनं कापल्यासारखी. वर ढग, त्यांच्या सावल्या शेतात. कोपऱ्यात पाण्यावर माझी सावलीसुद्धा पडली होती. यजमानांनी फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि ते म्हणाले, "हा मात्र त्या साहेबांनी ठेवून घेतला असता." एवढी मोठी शाबासकी मला त्यांनी आधी दिली नव्हती. मामाला एक प्रत पाठवली. त्यानं ती मोठी करून घेतली, असं आईनं नंतर सांगितलं.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी आम्ही त्या वस्तीवर गेलो. नदीकाठी त्या दिवशी कुणी नव्हतं, पण आम्ही आल्याचं वस्तीभर झालं आणि म्हातारीच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. मी आधी ओळींचे फोटो वाटले. ते बघून एकमेकींना चिडवणं झालं. म्हातारीनं स्वतःचा चेहरा बघितला आणि फोटो परत माझ्या हातात ठेवला. म्हणाली, ही कोन रागीट बया, मी न्हाई ही. मग मी वाकळांचा फोटो पुढे केला. मला वाटलं होतं की एक नजर टाकून देऊन टाकतील. पण तो फोटो काही केल्या माझ्याकडे परत येईना. ज्या हातात जाई त्या हातात बराच वेळ राही. बोटं फिरत होती.

"ही माझी," एकजण म्हणाली. "ही बघ, कडंला."

दुसरीला तिची सापडली. तिसरीला सापडेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून शोधून दिली, पाण्याच्या अगदी जवळची, अर्धी खडकाखाली लोंबणारी. म्हातारीनं फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. तिची वाकळ मधोमध होती. एका पांढऱ्या तुकड्यावर नख ठेवून ती सांगू लागली, हा मालकांच्या फेट्याचा. हा थोरल्या लेकीच्या पहिल्या लुगड्याचा, ती आता मंचरला असती. हा ठिपक्यांचा धाकटीच्या परकराचा. फोटोत ते तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे होते, तरी तिचं नख एकदाही चुकलं नाही. तिला ते फोटोत दिसत होते की पाठ होते, ते मी विचारलं नाही.

तो फोटो तिनं ठेवून घेतला. आतून ट्रंक बाहेर आणवली, झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला खळीनं चिकटवायला लावला. कशाला चिकटवतेस, भिंतीला टांग की, असं सून म्हणाली, तर म्हातारी म्हणाली, भिंतीला धूर लागतो. मग तिनं माझ्याकडे वळून हुकूम सोडला की पुढच्या खेपेला तुझी जुनी पातळं घेऊन ये, तुला एक शिवून देते, त्या चादरीत काय ऊब असती का. मी म्हटलं, माझी पातळं अजून नवीन आहेत, लग्नाला दोनच वर्षं झाली. ती म्हणाली, मग ह्यांची धोतरं आन. यजमान विजारी घालत, ते तिनं बघून घेतलं आणि विचारात पडली.

निघताना त्यांनी आम्हाला पिशवीभर भुईमुगाच्या ओल्या शेंगा दिल्या. वारा समोरून होता. देहूरोडच्या चढावर यजमानांना दम लागला तशी मी खाली उतरले आणि आम्ही सायकल मध्ये धरून चालू लागलो. शेंगा खात, टरफलं रस्त्याकडेला टाकत, पुढच्या रविवारी कुठं जायचं यावर आमचा वाद चालला होता. ते म्हणत होते लोहगडाला जाऊ, मी म्हणत होते एवढ्या लांब सायकलीवर कॅरिअरवर बसून माझी हाडं खिळखिळी होतील. मग दुसरी सायकल घेऊ, ते म्हणाले. मला चालवता येत नाही, मी म्हणाले. त्यावर ते थांबले, रस्ता पुढे-मागे मोकळा आहे हे बघून घेतलं, आणि कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात अडकवत म्हणाले, "मग आता उतार लागेल. बस पुढे, सीटवर. मी मागून धरतो."